एमआरआय झाला, पण जांघ तपासली कोणी?

प्रश्न: मी २३ वर्षांचा आहे. फुटबॉल खेळतो, मधल्या फळीत. चार महिन्यांपासून उजव्या जांघेत दुखतंय. आधी फक्त सामना झाल्यावर दुखायचं. आता वेगात वळताना, लांब पास मारताना आणि सकाळी बिछान्यातून पाय खाली टाकतानाही कळ येते. शेवटी एमआरआय करून घेतला. रिपोर्टमध्ये चार गोष्टी लिहिल्या आहेत: प्युबिक सिम्फिसिसच्या दोन्ही बाजूंना बोन मॅरो एडिमा, उजवीकडे सेकंडरी क्लेफ्ट, उजव्या अॅडक्टर लाँगसच्या उगमापाशी टेंडिनोसिस, आणि उजव्या खुब्याच्या लेब्रमला पुढच्या बाजूने छोटी चीर. रिपोर्ट पाहून एका डॉक्टरांनी खुब्याचं ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यांनी तीन महिने पूर्ण विश्रांती सांगितली. आमचे प्रशिक्षक म्हणतात, एमआरआय करायलाच नको होता, त्यात सगळ्यांचंच काही ना काही निघतं. माझं हाड खराब झालंय का? ऑपरेशन करू का? मैदानावर परतण्याआधी पुन्हा एमआरआय करावा लागेल का? आणि एक विचारायचं राहिलं. माझी मैत्रीण लांब पल्ल्याची धावपटू आहे. तिलाही तीन आठवड्यांपासून जांघेत खोलवर दुखतंय, धावताना प्रत्येक पावलाला. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून ती सराव करतेच आहे. तिनेही एमआरआय करावा का?

उत्तर: तुमच्या पत्रात सगळ्यात शेवटी आलेला प्रश्न मी आधी घेते. तुमचं दुखणं चार महिन्यांचं आहे, त्याला आणखी चार दिवस लागले तरी फारसं बिघडत नाही. तिचं तसं नाही. तिला आजच धावणं थांबवायला सांगा. उद्याचा हलका सरावसुद्धा नको.

लांब पल्ल्याच्या धावपटूला जांघेत खोलवर दुखतं आणि प्रत्येक पाऊल टेकताना दुखतं, तेव्हा पहिली शंका घ्यायची ती मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेल्या बारीक भेगेची, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसतो. त्या गोळ्याच्या लगेच खालचा निमुळता भाग म्हणजे ही मान. धावण्याचा मार हाडाच्या भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की तिथे आधी हाडाच्या आत सूज येते आणि मार चालूच राहिला तर भेग जाते. सुरुवातीच्या आठवड्यांत ही भेग साध्या एक्स-रेवर बरेचदा दिसतच नाही. त्यामुळे नॉर्मल एक्स-रेवर विसंबून सराव चालू ठेवणं हे या दुखण्यात सगळ्यात धोक्याचं आहे. एमआरआयवर भेग पडण्याआधीची सूजसुद्धा दिसते आणि भेग असेल तर ती नेमकी कुठल्या बाजूला आहे तेही कळतं.

बाजू कळणं फार महत्त्वाचं आहे. मानेच्या खालच्या, आतल्या कडेला भेग असेल तर तिथे चालताना हाड दाबलं जातं. भेग लहान असेल तर कुबड्या घेऊन, पायावर भार न टाकता ती बहुधा भरून येते. वरच्या, बाहेरच्या कडेला असेल तर तिथे हाड ताणलं जातं, भेग उघडत जाते आणि हाड सरकण्याचा धोका असतो. सरकलं तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि विशीतल्या मुलीचा खुबा कायमचा अधू होऊ शकतो. म्हणून त्या बाजूची भेग दिसली की बहुतेक सर्जन स्क्रू घालून ती स्थिर करतात. या दोन्हींतला फरक बाहेरून हाताने तपासून कुणालाही सांगता येत नाही.

तेव्हा हो, तिने एमआरआय करावा आणि येत्या काही दिवसांतच करावा. तोवर चालताना कुबडी वापरावी. एका पायावर उडी मारून ‘दुखतंय का बघू’ असला प्रयोग अजिबात करू नये. डॉक्टरांकडे जाताना तिने मासिक पाळी नियमित आहे का, वजन उतरलं आहे का, गेल्या काही महिन्यांत धावण्याचं अंतर किती वाढवलं, हे न संकोचता सांगावं. खाणं सरावाला पुरत नसेल तर पाळी थांबते आणि हाडंही कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली ‘रेड-एस’ या नावाने याचं एकत्रित चित्र मांडलं. पुरुष खेळाडूही त्यातून सुटत नाहीत. तिला हे उत्तर आजच वाचायला द्या.

आता तुमच्याकडे येते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रिपोर्टमधला शब्द न् शब्द तुम्ही लिहिलाय, दोन डॉक्टरांची मतं लिहिलीत, प्रशिक्षकांचं लिहिलंत. पण तुम्हाला टेबलावर झोपवून कुणी जांघ दाबून पाहिली, गुडघे एकमेकांकडे दाबायला लावले, खुबा वाकवून आत फिरवून पाहिला, याचा पत्रात उल्लेखच नाही. कदाचित तपासलं असेल आणि लिहायचं राहिलं असेल. तसं नसेल तर तुमच्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. दोन्ही डॉक्टर रिपोर्टमधल्या चारपैकी एकेक ओळ उचलून सल्ला देत आहेत, आणि तुमचं दुखणं त्यातल्या कुठल्या ओळीचं आहे हे अजून ठरलेलंच नाही.

जांघ ही अवघड जागा आहे. तळहाताएवढ्या भागात पोटाचे स्नायू खाली येऊन संपतात, मांडीच्या आतल्या बाजूचे अॅडक्टर स्नायू सुरू होतात, दोन्ही बाजूंची प्युबिक हाडं मधल्या कुर्चेच्या चकतीला जोडलेली असतात (हा सांधा म्हणजे प्युबिक सिम्फिसिस), वरून पोटाच्या भिंतीतला तिरका बोगदा, म्हणजे इंग्वायनल कालवा जातो आणि थोडं बाहेर, खोलवर खुब्याचा सांधा असतो. या प्रत्येकाचं दुखणं खेळाडू एकाच शब्दात सांगतो: जांघेत दुखतंय. डॉक्टरही अनेक वर्षं एकाच दुखण्याला वेगवेगळी नावं देत आले. हा घोळ मिटवण्यासाठी नोव्हेंबर २०१४ मध्ये दोहा इथे १४ देशांतले २४ तज्ज्ञ एकत्र बसले आणि २०१५ साली त्यांची सहमती प्रसिद्ध झाली. खेळाडूंच्या जांघेच्या दुखण्याची त्यांनी चार मुख्य घरं ठरवली: अॅडक्टरशी संबंधित, इलिओसोआसशी (मांडी पोटाकडे उचलणाऱ्या स्नायूशी) संबंधित, इंग्वायनल भागाशी संबंधित आणि प्युबिक हाडाशी संबंधित. खुब्याचं दुखणं वेगळं, आणि बाकीची कारणं आणखी वेगळी. यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ही चारही घरं त्यांनी खेळाडूची हकीकत आणि हाताने केलेली तपासणी यांवर ठरवली. कुठल्याही घरासाठी एमआरआयची अट नाही.

ही तपासणी करायला फार वेळ लागत नाही. तुम्ही पाठीवर झोपता. तपासणारा मांडीच्या आतल्या बाजूने बोट वर नेत नेत अॅडक्टर लाँगसचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जिथे हाडाला चिकटतं तिथवर येतो आणि दाबतो. तिथे तुमचं नेहमीचंच दुखणं उमटलं, आणि पाय एकमेकांकडे जोराने दाबायला लावल्यावरही तेच उमटलं, तर घर अॅडक्टरचं. बोट मध्यरेषेवर, थेट सिम्फिसिसवर ठेवल्यावर दुखलं तर प्युबिक हाडाचं. दुखणं इंग्वायनल कालव्याच्या भागात असेल, तिथे दाबल्यावर दुखत असेल आणि हर्नियाचा फुगवटा हाताला लागत नसेल तर इंग्वायनल. खोकताना, शिंकताना किंवा उठाबशांसारखा पोटाला जोर लावताना तिथेच कळ येत असेल तर ते आणखी पक्कं. गुडघा छातीकडे घेताना अडवल्यावर किंवा पाय मागे ताणल्यावर मांडीच्या वरच्या भागात पुढून दुखलं तर इलिओसोआस. एकाच खेळाडूला दोन घरं लागू होऊ शकतात, आणि जुन्या दुखण्यात ती बऱ्याचदा होतात. तपासताना तुम्ही एवढंच नीट सांगायचं: ‘हेच माझं दुखणं’ की ‘इथे दाबल्यावर दुखतं, पण माझं दुखणं हे नाही’. या दोन उत्तरांतला फरक मला कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

आता रिपोर्टच्या ओळी घेऊ, आणि तुमच्या भीतीपासून सुरुवात करू. तुमचं हाड खराब झालेलं नाही.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. जोरदार चुंबकीय क्षेत्रात शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांकडून येणारे संकेत टिपून चित्र तयार होतं. त्यातल्या एका प्रकारच्या चित्रात चरबीचा संकेत मुद्दाम दाबून टाकतात. मोठ्या माणसाच्या हाडाच्या मगजात चरबी भरपूर असते, त्यामुळे निरोगी हाड या चित्रात काळसर दिसतं आणि जिथे पाणी वाढलेलं आहे ती जागा पांढरी उठून दिसते. रिपोर्टमधला बोन मॅरो एडिमा म्हणजे सिम्फिसिसच्या दोन्ही कडांना दिसलेला हा पांढरा पट्टा. हाडावर भार पडतोय आणि हाड त्याला प्रतिसाद देतंय, एवढंच तो सांगतो. तुमच्या खेळात हे हाड म्हणजे रस्सीखेचीतला दोर आहे: वरून पोटाचा सरळ स्नायू ओढतो, खालून अॅडक्टर ओढतात, आणि प्रत्येक किकला, प्रत्येक वळणाला ही ओढाताण होते. म्हणून नियमित फुटबॉल खेळणाऱ्या, काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंमध्येही हा पट्टा सर्रास सापडतो.

तो अगदीच निरर्थक आहे असंही मी म्हणणार नाही. पट्टा किती खोलवर गेलाय, हाडाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सगळीकडे आहे का, दुखणाऱ्या बाजूला जास्त आहे का, हे पाहायचं असतं. पट्टा मोठा असेल आणि बोट ठेवल्यावर नेमकं तिथेच दुखत असेल तर त्याला वजन येतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘दोन्ही बाजूंना’ लिहिलंय आणि दुखतंय फक्त उजवीकडे. हे एकच निरीक्षण पुरेसं बोलकं आहे: डावीकडचा पट्टा दुखत नसताना दिसतोच आहे.

तुमच्या वयाच्या आणि त्याहून लहान खेळाडूंबाबत एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. प्युबिक हाडाच्या कडेचं वाढीचं केंद्र शरीरातल्या इतर बऱ्याच केंद्रांपेक्षा उशिरा, अगदी विशीत जाऊन पूर्ण जुळतं. ते जुळण्याच्या काळात एमआरआयवर कडा खडबडीत आणि पांढरट दिसू शकते. कुमार वयातल्या खेळाडूचा रिपोर्ट वाचणाऱ्याने वय पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

सेकंडरी क्लेफ्टला मात्र मी एडिमापेक्षा जास्त महत्त्व देते. सिम्फिसिसच्या चकतीत मधोमध एक बारीक फट अनेकांना असते, ती नैसर्गिक आहे. त्या फटीतली पांढरी रेघ खाली उतरून हाडाच्या खालच्या कडेने एका बाजूला वळलेली दिसली, तर त्या बाजूला अॅडक्टरच्या उगमापाशी, हाड आणि टेंडन जोडणाऱ्या थरात, बारीक फाटल्याची ती खूण धरतात. ही रेघ बहुधा दुखणाऱ्या बाजूलाच असते. तुमची रेघ उजवीकडे आहे, दुखणं उजवीकडे आहे, आणि तिथल्याच टेंडनमध्ये टेंडिनोसिस म्हणजे झिजेचे बदल दिसले आहेत. वळताना आणि लांब पास मारताना दुखतं हेही त्याच्याशी जुळतं. तपासणीत अॅडक्टरचं घर निघालं तर या सगळ्या गोष्टी एका रांगेत येतात. माझा अंदाज त्याच बाजूचा आहे, पण पत्र वाचून केलेला अंदाज म्हणजे निदान नव्हे.

आता लेब्रमची चीर. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं ते याच ओळीमुळे. लेब्रम म्हणजे खुब्याच्या वाटीच्या काठाला लागलेली कुर्चेची गोल किनार. तिच्यातल्या चिरा खेळाडूंमध्ये इतक्या सर्रास सापडतात की नुसती चीर दिसली म्हणून कुणीही ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ नये. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९ आइस हॉकी खेळाडूंचे एमआरआय केले होते. त्यांच्यापैकी कुणालाही जांघेची किंवा खुब्याची तक्रार नव्हती. तरीही ७७ टक्के खेळाडूंच्या चित्रात खुब्यात किंवा प्युबिक भागात काही ना काही बिघाड दिसला, आणि लेब्रमच्या चिरा अर्ध्याहून जास्त जणांना होत्या. हे सगळे रोज बर्फावर उतरत होते.

खुबा खरोखरच दोषी असेल तर त्याच्या काही खुणा असतात. दुखणं खोलवर असतं, खूप वेळ बसल्यावर किंवा खाली वाकून बसताना वाढतं, कधी सांधा अडकल्यासारखा वाटतो. खुबा ९० अंशांत वाकवून आत फिरवला की तेच दुखणं उमटतं, आणि आत फिरण्याची हालचाल दुसऱ्या बाजूपेक्षा कमी भरते. हाडाच्या आकारातला दोष, म्हणजे गोळ्याला किंवा वाटीच्या काठाला असलेला जास्तीचा उंचवटा, आधी चांगल्या एक्स-रेवर पाहायचा असतो. २०१६ च्या वॉरविक सहमतीत, म्हणजे तज्ज्ञांच्या एकत्रित निवेदनात, याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे की खुब्याच्या या घर्षणाच्या विकाराचं निदान करायला लक्षणं, तपासणीतल्या खुणा आणि चित्रातला दोष ही तिन्ही हवीत. तुमच्याकडे सध्या फक्त चित्र आहे.

तरीही शंका राहिली तर खुब्याच्या सांध्यात बधिर करणारं औषध टोचून पाहता येतं. सोनोग्राफीवर बघत सुई थेट सांध्यात नेतात, आणि त्यानंतरच्या काही तासांत तुम्ही दुखणारीच हालचाल करून बघता. दुखणं बरंचसं गेलं तर ते खुब्यातून येत होतं. जसंच्या तसं राहिलं तर चीर तिथे असूनही ती तुमच्या दुखण्याची मालक नाही. ऑपरेशनचा निर्णय घेण्याआधी हे करून घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

तुमच्या प्रशिक्षकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एमआरआयमध्ये सगळ्यांचंच काहीतरी निघतं, हे वर पाहिलंच. म्हणून तो करायलाच नको, हे मात्र मला मान्य नाही. तुमच्या मैत्रिणीचंच उदाहरण आहे. मानेची भेग, गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होणं, हाडातला जंतुसंसर्ग किंवा गाठ, या गोष्टी हाताला लागत नाहीत आणि उशीर झाला तर महागात पडतात. अचानक लचक भरून जोराची कळ आली, मांडी काळीनिळी पडली, पाय आत ओढण्याची ताकदच गेली, तर अॅडक्टर हाडापासून सुटलाय का हे एमआरआय नेमकं दाखवतो. अशा अचानक झालेल्या दुखापतींचा ११० खेळाडूंवर अभ्यास झाला, त्यात साधारण दोन तृतीयांश जणांचा दोष अॅडक्टरमध्येच निघाला. जुनं दुखणं योग्य व्यायाम करूनही हटत नसेल, किंवा ऑपरेशनचा विचार चालू असेल, तेव्हाही तो हवाच. शिवाय रात्री झोपेतून जागं करणारं दुखणं, ताप, कारण नसताना उतरणारं वजन, अंडकोषात दुखणं किंवा जांघेत गाठ लागणं, यातलं काहीही असेल तर खेळाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचं.

उलट काही ठिकाणी एमआरआय कमी पडतो. ज्याला खेळाडू ‘स्पोर्ट्स हर्निया’ म्हणतात त्यात इंग्वायनल कालव्याची मागची भिंत कमजोर होते आणि जोर लावल्यावर ती बाहेर फुगते. तुम्ही यंत्रात स्वस्थ पडून असता तेव्हा ती फुगलेली नसतेच. अशा वेळी श्वास रोखून जोर लावायला सांगत केलेली सोनोग्राफी जास्त कामाची, आणि तीही हात बसलेल्या माणसाकडून करून घ्यावी.

आणखी एक बघायला सांगते, कारण याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. तुमच्या फिल्मवर किंवा रिपोर्टच्या सुरुवातीला तपासणीचं नाव आणि पद्धत लिहिलेली असेल. एमआरआय ‘खुब्याचा’ केलाय की ‘ओटीपोटाचा’ केलाय की खास प्युबिक भागाचा, ते पाहा. एकाच खुब्यावर रोखून केलेल्या स्कॅनमध्ये सिम्फिसिस चित्राच्या काठावर येतं आणि अर्धवट दिसतं. दोन्ही खुबे दाखवणारी मोठी चित्रं, आणि त्याशिवाय प्युबिक हाडाच्या उताराला समांतर, तिरपी घेतलेली छोट्या क्षेत्राची बारीक चित्रं, असं दोन्ही हवं. अॅडक्टर आणि पोटाचा स्नायू जिथे एकमेकांत मिसळतात तो थर त्या तिरप्या चित्रांतच नीट कळतो. तुमच्या रिपोर्टमध्ये सेकंडरी क्लेफ्ट लिहिलंय, त्याअर्थी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टने तिथे बारकाईने पाहिलेलं दिसतं. पण विनंतीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘जांघेत दुखतं’ लिहिलेलं असेल तर त्यांनी दिसेल ते सगळं लिहिणं साहजिक आहे. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर चिठ्ठीवर खेळ, बाजू, किती दिवस, कुठे दाबल्यावर दुखतं आणि कशाची शंका आहे, एवढं लिहून घ्या. शरीरात पेसमेकर, कानातलं रोपण किंवा डोळ्यात कधी गेलेला धातूचा कण असेल तर ते आधी सांगायचं, ही नेहमीची काळजी.

उपचाराचं म्हणाल तर तपासणीत अॅडक्टरचं घर निघालं, असं धरून बोलते. तीन महिने पूर्ण विश्रांतीचा सल्ला मला पटत नाही. विश्रांतीत दुखणं खाली बसतं हे खरं, पण त्या काळात अॅडक्टर आणखी अशक्त होतो, आणि मैदानावर पहिल्याच आठवड्यात जोर लावला की तीच कळ परत येते. १९९९ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेला डॅनिश अभ्यास अजूनही या विषयाचा पाया आहे. अॅडक्टरचं जुनं दुखणं असलेल्या ६८ खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाला मसाज, ताणण्याचे व्यायाम, लेसर असे उपचार दिले. दुसऱ्याला ८ ते १२ आठवडे अॅडक्टर, पोट आणि खुब्याभोवतीचे स्नायू बळकट करणारे, तोल सुधारणारे व्यायाम. अजिबात न दुखता आपल्या खेळात परतले ते व्यायामाच्या गटातले २३ आणि दुसऱ्या गटातले फक्त ४. मात्र परतायला त्यांना साधारण साडेअठरा आठवडे लागले, हे लक्षात ठेवा. तुमचा सीझन तेवढा थांबेल का, हा प्रश्न मला माहीत आहे. घाई करून दर दोन महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा एकदाच नीट पूर्ण करणं मी निवडेन.

सुरुवात सोपी असते: पाठीवर झोपून पायांमध्ये चेंडू धरून दाबणं, आधी गुडघे वाकवून, मग पाय सरळ ठेवून. पुढे पाय आत ओढण्याचा विरोधाचा व्यायाम, आणि शेवटी कोपनहेगन अॅडक्शन, ज्यात जोडीदार तुमचा वरचा पाय धरून ठेवतो आणि तुम्ही एका कुशीवर शरीर उचलता. हाच व्यायाम नॉर्वेतल्या ३५ निमव्यावसायिक फुटबॉल संघांवर करून पाहिला, तेव्हा तो करणाऱ्या खेळाडूंमध्ये जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. पण तो शेवटच्या टप्प्यातला आहे. आज दुखत असताना थेट त्यावर उडी मारू नका, आणि कुठल्या आठवड्यात काय वाढवायचं ते फिजिओथेरपिस्टसोबत ठरवा. ऑपरेशनचा प्रश्न हा कार्यक्रम प्रामाणिकपणे पूर्ण झाल्यावर, आणि तरीही दुखणं तसंच राहिलं तरच.

आता तुमचा राहिलेला प्रश्न, परतण्याआधीच्या एमआरआयचा. सगळं सुरळीत चाललं असेल तर त्याची गरज नाही. खेळाडूचं दुखणं थांबल्यावरही हाडातला पांढरा पट्टा आणि टेंडनमधले बदल चित्रात कितीतरी महिने टिकू शकतात. तो पुसला जाण्याची वाट बघत बसलात तर बरे असूनही बाहेर बसाल. दुखणं कुठे पोहोचलंय हे मोजायला याहून चांगलं साधन तुमच्याकडे आहे. पाठीवर झोपा, पाय सरळ ठेवा. फिजिओ तुमच्या दोन्ही घोट्यांमध्ये आपला हात आडवा धरेल. पूर्ण ताकदीने ५ सेकंद दाबा आणि दुखणं ० ते १० मध्ये सांगा. ० ते २ आलं तर ठरलेला सराव करा. ३ ते ५ आलं तर त्या दिवशी किक आणि वेगातली वळणं कमी करा. ६ किंवा जास्त आलं तर थांबा आणि तपासून घ्या. हे आकडे दर आठवड्याला, एकाच वेळी, वहीत लिहा. सरळ धावणं, मग वळणं, मग छोटे पास, मग लांब पास आणि शेवटी पूर्ण सामना, अशा पायऱ्या चढताना दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा वाढला नाही तरच पुढची पायरी घ्या. सहा आठवडे नीट व्यायाम करूनही आकडा हलला नाही, किंवा दुखण्याची जागाच बदलली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा नव्या एमआरआयला विचारण्यासारखा प्रश्न आपल्याकडे असेल.